गिअर खाली उतरतो, गाडी मात्र थबकते

स्तंभ : वाहन आणि व्यवहार



आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग जातात. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी या वाटेने आदिलाबादकडे उतरणारा क्रमांक ४४ आणि कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा नांदेडकडे जाणारा क्रमांक ३६१. हे दोन सोडले, तर बाजारपेठांना जोडणारे आपले अनेक रस्ते अजूनही दुभाजकाविनाच आहेत. हंगामात त्यांवर कापसाच्या गाठींनी लादलेले ट्रक असतात, वणीकडे कोळशाचे डंपर असतात, आणि पुसद-वाशीम मार्गावर खंडाळा घाटातील वळणे असतात. अशा रस्त्यावर पुढचा ट्रक ओलांडायचा म्हणजे गिअर खाली घ्यायचा, अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा आणि गाडीने तत्क्षणी झेप घ्यावी अशी अपेक्षा ठेवायची. ही झेप उशिरा आली तर काय, हा आजच्या लेखाचा विषय.

ही तक्रार साध्या कुटुंबवत्सल गाडीपेक्षा ताकदवान गाडीबद्दल अधिक ऐकू येते, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. गेल्या दहा-बारा वर्षांत व्यापारी घरांच्या अंगणात अशा गाड्या दिसू लागल्या आहेत. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली, तिथलीच व्हर्टस जीटी २०२२ साली आली. ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन २०२१ ची, तर टाटांची अल्ट्रोझ रेसर २०२४ ची. या सर्वांत समान धागा असा की, इंजिन आकाराने लहान आणि त्याला टर्बोची जोड. व्हर्टस जीटीचे दीड लिटरचे इंजिन १५० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क देते, तोही १,६०० ते ३,५०० फेऱ्यांच्या दरम्यान. एवढी ताकद पदरी असताना गाडी क्षणभर थबकली, की चालवणाऱ्याला ते चटकन खुपते. घरातील वडीलधारे म्हणतात, 'चालवायची घाई आहे म्हणून तसे वाटते.' मुलगा म्हणतो, 'गिअरबॉक्स खराब आहे.' मेकॅनिक म्हणतो, 'पिकअप कमी आहे, सर्व्हिसिंग करून टाकू.' तिघेही थोडेफार बरोबर असू शकतात. परंतु तिघांपैकी एकानेही उशीर नेमका कोठे होतो हे अद्याप पाहिलेले नसते.

एका सेकंदाचा हिशेब

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. समोरून ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा ट्रक त्याच सेकंदात सुमारे १७ मीटर जवळ येतो. म्हणजे दोघांमधील अंतर एका सेकंदात ३९ मीटरने घटते, आणि दीड सेकंदात ५८ मीटरने. पलीकडच्या मार्गिकेत शिरल्यावर गाडीने दीड सेकंद विचार केला, तर सुरक्षिततेसाठी राखून ठेवलेले बरेचसे अंतर त्यातच संपून जाते. म्हणून या तक्रारीला 'तरुणांचे चोचले' म्हणून बाजूला सारू नये. त्याचबरोबर तपास न करता महागडा भाग बदलून टाकणे, हाही त्यावरचा उपाय नव्हे.

पायापासून चाकापर्यंतची साखळी

पूर्वीच्या कार्बोरेटरच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत एक तार जात असे. पाय दाबला की तार ओढली जाई आणि हवेचे झाकण तितकेच उघडे. आजच्या गाडीत ती तार नाही. पेडलखाली सेन्सर असतो. तो पायाची मागणी इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, कळवतो. ईसीयू गिअर, वेग, हवेचे तापमान, ब्रेक आणि क्लच यांची स्थिती पाहतो आणि मग एका लहान मोटरला झाकण किती उघडायचे ते सांगतो. त्यानंतर हवा आत येते, टर्बोचे चक्र वेग धरते, इंधन जळते, टॉर्क तयार होतो, क्लच तो पुढे सोपवतो आणि अखेरीस चाकाला तो मिळतो.

दुकानातील मालाला जसा मागणी, मंजुरी, गोदाम आणि वाहतूक असा क्रम असतो, तसाच हा क्रम आहे. ग्राहकाला माल उशिरा पोहोचला, म्हणजे चूक वाहतूकदाराचीच, असे कोणताही जाणता व्यापारी मानत नाही. मागणी कधी नोंदली गेली, गोदामातून माल कधी निघाला, हे तो आधी वहीत पाहतो. गाडीच्या बाबतीतही तेच करावयाचे आहे. उशीर मागणीत आहे, मंजुरीत आहे, हवेत आहे की गिअरमध्ये आहे, हे चार प्रश्न वेगळे केले की निम्मे निदान झालेच.

दोष नसलेला उशीर

काही उशीर गाडीच्या रचनेतच असतो. तो ओळखता आला नाही, तर निरोगी गाडीवर उगाच शस्त्रक्रिया होते.

पहिला उशीर टर्बोचा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर टर्बोचे चक्र फिरते. फेऱ्या कमी असतील तर वायू कमी, आणि चक्राला वेग धरण्यास क्षणभर अवधी लागतो. गिअर खाली घेऊनही फेऱ्या १,५०० च्या आसपासच राहिल्या असतील, तर आणखी एक गिअर खाली घेणे हाच त्यावरचा उपाय, दुरुस्ती नव्हे.

दुसरा उशीर संगणकाच्या मऊपणाचा. पाय एकदम दाबल्यास गाडीला हिसका बसू नये, म्हणून ईसीयू टॉर्क टप्प्याटप्प्याने वाढवतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. धूर स्वच्छ ठेवण्याच्या या जबाबदारीमुळेही अनेक गाड्यांत हवेचे झाकण पायाच्या बरोबरीने न हलता ठरवून दिलेल्या गतीनेच उघडते किंवा मिटते. 'इको' स्थितीत हा मऊपणा अधिक जाणवतो, 'स्पोर्ट' स्थितीत कमी.

तिसरा उशीर दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचा. पोलो आणि व्हर्टस जीटीतील सात गिअरच्या डीएसजीमध्ये विषम गिअर एका क्लचकडे आणि सम गिअर दुसऱ्याकडे असतात. चौथ्या गिअरमध्ये गाडी वेग घेत असेल, तर संगणक पुढे पाचवा लागणार असे धरून तो आधीच जुळवून ठेवतो. तेवढ्यात चालकाने ओव्हरटेकसाठी पाय पूर्ण दाबला आणि तिसरा गिअर मागितला, तर पाचवा काढून तिसरा जुळवावा लागतो, कारण दोन्ही एकाच बाजूचे. सहाव्यावरून चौथा मागितला तर अडचण निराळी. दोन्ही गिअर एकाच क्लचचे असल्याने थेट उडी घेता येत नाही. हा बिघाड नाही. ओव्हरटेकचा विचार मनात येताच पॅडलने किंवा 'एस' स्थितीत गिअर आधी उतरवून घेतला, की हा उशीर रस्त्याच्या धोक्याच्या भागातून निघून जातो.

चौथी गोष्ट मॅन्युअल गाडी चालवणाऱ्या हौशी चालकांसाठी. वळणाआधी उजव्या पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक आणि टाचेने अ‍ॅक्सिलरेटर असा एकाच वेळी वापर करून फेऱ्या जुळवण्याची पद्धत आहे. परंतु आजच्या बहुसंख्य गाड्यांत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबले गेल्यास ईसीयू ब्रेकला प्राधान्य देऊन अ‍ॅक्सिलरेटरची मागणी कमी करतो. पेडल अडकून गाडी बेफाम होऊ नये, यासाठीची ती तरतूद आहे. अशा वेळी इंजिन 'ऐकत नाही' असे वाटते. वस्तुतः ते ब्रेकचे ऐकत असते.

घरच्या घरी करावयाच्या चार चाचण्या

या चाचण्यांसाठी वेगाची गरज नाही. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेच्या आत, दोन जणांनी बसावे. एकाने चालवावे, दुसऱ्याने लिहावे. चालक, ड्राइव्ह स्थिती आणि रस्ता बदलू नये. घरात वडील शांतपणे 'डी'मध्ये आणि मुलगा 'एस'मध्ये चालवत असेल, तर त्या दोन तक्रारी दोन वेगळ्या गाड्यांच्या असल्यासारख्याच असतात.

पहिली चाचणी उभ्या गाडीत. इंजिन गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये, किंवा स्वयंचलित असल्यास 'पी'मध्ये, हलकी रेस द्यावी. फेऱ्यांचा काटा पायासोबत उठतो की रेंगाळतो? येथेच रेंगाळत असेल, तर गिअरबॉक्सवरचा संशय तात्पुरता बाजूला ठेवावा. मूळ पेडल, झाकण किंवा हवेच्या मार्गात असण्याचा संभव अधिक. उभ्या स्थितीत पुष्कळ गाड्या फेऱ्यांना कमाल मर्यादा घालतात, त्यास दोष समजू नये.

दुसरी चाचणी एकाच गिअरमध्ये. तिसरा गिअर कायम ठेवून, स्वयंचलित गाडीत मॅन्युअल स्थिती घेऊन, एकदा कमी फेऱ्यांवर आणि एकदा ३,००० च्या आसपास पाय दाबावा. फक्त कमी फेऱ्यांवर उशीर असेल, तर तो बहुधा टर्बोचा नैसर्गिक उशीर. दोन्ही ठिकाणी असेल, तर हवेची गळती, चोंदलेला फिल्टर किंवा टर्बोच्या झडपेचा दोष शोधावा.

तिसरी चाचणी गिअर आणि पाय यांना वेगळे करण्याची. आधी गिअर खाली घ्यावा, तो पूर्ण बसू द्यावा, आणि मगच पाय दाबावा. आता गाडी लगेच पुढे झेपावली, तर उशीर गिअर बदलण्याच्या क्रियेत आहे. तरीही थबकली, तर गिअरबॉक्स निर्दोष असण्याची शक्यता वाढते. सर्व चाचण्यांत ही सर्वांत उपयुक्त, आणि सर्वांत दुर्लक्षितही.

चौथी चाचणी स्विचची. रात्री भिंतीकडे गाडीची पाठ करून उभे राहावे. ब्रेकला पाय न लावता मागचे लाल दिवे पेटलेले आहेत का? हलक्या स्पर्शानेच पेटतात का, सोडल्यावर उशिरा विझतात का? तसे असेल तर ब्रेक दाबला नसतानाही ईसीयूला तो दाबल्याचा निरोप जात असू शकतो. क्रूझ कंट्रोल असलेल्या गाडीत ते लागतच नसेल किंवा आपोआप सुटत असेल, तर ब्रेक किंवा क्लचचा स्विच तपासण्यास ते पुरेसे कारण आहे. मॅन्युअल गाडीत क्लच सुटल्याचा निरोप उशिरा गेला, तर काही इंजिने टॉर्कही उशिरा परत देतात. इवल्याशा स्विचचा हा दोष पुष्कळदा गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. पाय दाबल्यावर फेऱ्या झपाट्याने चढतात, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, अशी तक्रार असेल, तर तो उशीर नसून क्लच घसरण्याचे लक्षण आहे. आणि आधी धक्का, मग ओढ असा अनुभव असेल, तर इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसते ते झिजले आहे का, ते पाहावे.

आपल्या मातीचा वाटा

वाहनाच्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगचे जे अंतर दिलेले असते, त्याच पुस्तिकेत धुळीच्या प्रदेशात फिल्टर लवकर तपासण्याची सूचनाही बहुधा असते. आपला जिल्हा त्या सूचनेत नेमका बसतो. जिनिंगच्या आवारात दिवसभर उभी राहणारी गाडी कापसाचे बारीक तंतू ओढून घेते. वणीच्या बाजूला कोळशाची भुकटी, उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ. हे सारे एअर फिल्टरवर जमते. चोंदलेल्या फिल्टरमधून टर्बोला हवा मिळण्यास कष्ट पडतात, आणि त्याचा परिणाम नेमका तेव्हा जाणवतो, जेव्हा एकदम भरपूर हवा हवी असते. म्हणून तपासाचा आरंभ फिल्टर उघडून पाहण्यापासून करावा. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. फिल्टर बदलल्यावर त्याचे झाकण आणि नळीचा क्लॅम्प नीट बसला आहे ना, हेही पाहावे. तक्रार सर्व्हिसिंगनंतरच सुरू झाली असेल, तर प्रथम तेथेच शोधावे.

काही जण हौसेने तेल लावलेला, धुऊन वापरायचा फिल्टर बसवतात. त्यावर तेल अधिक झाले, तर ते हवेचे प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरवर बसू शकते आणि मोजमाप चुकते. वजनकाटाच चुकीचा असेल, तर पुढचा हिशेब बरोबर कसा येणार?

उष्णतेचाही विचार करावा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या पलीकडे जातो. तापलेली हवा विरळ असते. शिवाय टर्बो ती दाबून आणखी तापवतो. इंजिनात ठोका बसू नये म्हणून ईसीयू ठिणगीची वेळ मागे घेतो आणि ताकद थोडी कमी होते. म्हणून भर दुपारी जाणवणारा जडपणा सकाळी नाहीसा होत असेल, तर हवामानाचा वाटा मोठा आहे. सकाळीही तो तसाच राहत असेल, तर शोध चालू ठेवावा.

स्कॅनरची वही

एवढे झाल्यावर कार्यशाळेत जावे. यातील काही ब्रँडसाठी आपल्याला नागपूर किंवा अमरावती गाठावी लागते. दिवस मोडतो, म्हणून तयारीने जाणे श्रेयस्कर. 'पिकअप नाही' एवढेच सांगितल्यास मेकॅनिक ऑइल, फिल्टर, प्लग बदलून गाडी परत देतो आणि तक्रार जशीच्या तशी घरी येते. त्याऐवजी असे लिहून द्यावे : 'इंजिन गरम असताना, चौथ्यावरून तिसरा गिअर घेतल्यावर, ताशी ५० च्या वेगाला, ब्रेक न लावता, सुमारे एक सेकंद प्रतिसाद नाही, गिअर आधी बसू दिल्यास उशीर नाही.' ही चार ओळींची नोंद पुष्कळ अनावश्यक खर्च वाचवते.

स्कॅनर जोडल्यावर मेकॅनिक केवळ 'एरर कोड नाही' असे म्हणून थांबू नये, याची काळजी घ्यावी. मळलेले झाकण किंवा बारीकशी गळती यांमुळे कोड उमटेलच असे नाही. चालत्या गाडीतील नोंदी पाहण्याची विनंती करावी. त्या पाहण्याचे काम बाजूला बसलेल्याचे, चालकाचे नव्हे. रोकड मेळ घालताना आपण दोन रकाने समोरासमोर ठेवतो, तसेच येथेही करावयाचे. ईसीयूने झाकण किती उघडायला सांगितले आणि ते प्रत्यक्ष किती उघडले, हे दोन आकडे जुळत नसतील तर दोष झाकण किंवा त्याच्या मोटरजवळ. ते जुळत असून टर्बोचा अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब जुळत नसतील, तर नळी, क्लॅम्प, दाब सोडणारी झडप यांत गळती. ती धुराच्या यंत्राने दिसून येते. हे सारे जुळत असून गिअर बदलण्यासच वेळ लागत असेल, तरच गिअरबॉक्सकडे वळावे. तेथेही आधी क्लचची जुळवणी संगणकातून नव्याने करणे आणि उत्पादकाचे अद्ययावत सॉफ्टवेअर घालणे हे उपाय, आणि भाग बदलणे सर्वांत शेवटी.

झाकण कार्बनने मळले असेल तर ते स्वच्छ करता येते; मात्र विद्युत मोटरवर चालणारे हे झाकण बोटाने ढकलून उघडू नये. सफाईनंतर त्याची मूळ स्थिती स्कॅनरने पुन्हा शिकवावी लागते. ती न शिकवल्यास गाडी पूर्वीपेक्षा वाईट वागते आणि मालक म्हणतो, साफ केले म्हणूनच बिघडले.

बाजारातील झटपट उपाय

पेडलच्या वायरमध्ये बसवायची एक छोटी डबी बाजारात मिळते. ती लावताच गाडी 'उडते' असे सांगितले जाते. वास्तविक ती इंजिनाची ताकद तसूभरही वाढवत नाही. पाय थोडा दाबला असता जास्त दाबला असे ईसीयूला सांगते, एवढेच. नळीत गळती असेल तर ती तशीच राहते, आणि तक्रार झाकली गेल्याने ती लक्षात येण्यास उशीर होतो. ईसीयूचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचा मार्ग त्याहून गंभीर. त्याने वॉरंटी नाकारली जाऊ शकते, विम्याच्या दाव्यात प्रश्न उभा राहू शकतो, आणि आधीच थकलेल्या क्लचवर अधिक भार येतो. दोष शोधण्यापूर्वी ताकद वाढवणे म्हणजे वसुली थकली असताना उधारी वाढवण्यासारखे आहे.

निदान होईपर्यंत

दोष सापडेपर्यंत गाडी घरी उभी ठेवणे प्रत्येकाला शक्य नसते. मालाच्या व्यवहारासाठी, लग्नकार्यासाठी, दवाखान्यासाठी ती रस्त्यावर निघणारच. अशा काळात ओव्हरटेकचा क्रम बदलावा. ट्रकच्या मागे पुरेसे अंतर राखून, आपल्याच मार्गिकेत असताना गिअर खाली घ्यावा. इंजिन फेऱ्या धरते का, ओढ मिळते का, हे तेथेच पाहावे. ओढ मिळाली आणि समोरचा रस्ता दूरवर मोकळा दिसला, तरच बाहेर निघावे. ओढ मिळाली नाही, तर मागेच राहावे. घाटात आणि वळणावर हा प्रयोगही करू नये.

घरातील जो कोणी ही गाडी चालवतो, त्या प्रत्येकाला, पगारी चालकालाही, हा उशीर आणि हा क्रम स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावा. गाडीची सवय असलेल्या मुलाला तो एक सेकंद ठाऊक असतो. वर्षातून दोनदा ती चालवणाऱ्या काकांना तो ठाऊक नसतो.